चौदा नंबरची काच

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या बाबांनी सगळ्यांत मोठ्या खोक्यावर हात ठेवला, तेव्हाच मुलीला कळून चुकलं की आजची खरेदी सरळ पार पडायची नाही. खोक्यावर चंद्र होता, शनी होता, शिवाय कुठला तरी जांभळा ढग होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘सहाशे पट मोठं’ असं छापलेलं होतं. बाबांनी ते उघडायला लावलं. आतून एक लांबलचक पांढरी नळी निघाली, काटकुळी तिपाई निघाली, पाच-सहा भिंगं निघाली आणि शेवटी एका इवल्याशा डबीतून अंगठ्याच्या नखाएवढी काळीभोर काच निघाली.

“ही कशाला?” बाबांनी विचारलं.

“सूर्यासाठी म्हणून देतात,” दुकानदार म्हणाला. पुढे तो काहीतरी बोलणार होता, पण त्याचा फोन वाजला आणि तो तोंडाशी आलेलं वाक्य तसंच टाकून आत गेला. एवढ्या एका फोनावरून पुढचं सगळं रामायण घडलं, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. पण सगळा दोष फोनला देऊन कसं चालेल?

बाबांनी ती काच चिमटीत धरून खिडकीकडे केली. पस्तीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं होतं. काळ्या काचेआडून जग बघण्यात जन्म गेलेला माणूस. कोणती काच किती नंबरची, हे ते नुसत्या हिरव्या झाकेवरून सांगत. दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून चंद्राकडे बघत बसू लागले. हाताची मूठ नळीसारखी करायची आणि ती उजव्या डोळ्याला लावायची. मुलीने हे दोनतीनदा पाहिलं आणि ठरवलं, यांना दुर्बीण घ्यायची.

उजव्याच डोळ्याला, कारण डावा गेलेला होता. बावीस वर्षांपूर्वी गेला होता. बाबांजवळ डोळा असा तो एकच, आणि त्या डोळ्याविषयी घरात कोणी अवाक्षर काढत नसे.

दुकानदार परत आला तो बाबांच्या आवडीचं खोकं बाजूला सारतच. “काका, पट बघू नका. पट काय, भिंग बदललं की वाढतात. दुर्बिणीचं तोंड किती रुंद आहे ते बघा. जेवढं तोंड मोठं, तेवढा उजेड आत.” त्याने कोपऱ्यातून एक जाडजूड, बुटकी नळी ओढून आणली. ती एका लाकडी बैठकीवर बसवलेली होती आणि बैठक फिरत्या खुर्चीसारखी गोल फिरत होती.

“हे काय? हा तर पाइपचा तुकडा!” बाबा म्हणाले.

“हो, पाइपच. तळाला सहा इंची आरसा, तोंडाशी एक छोटा तिरका आरसा, आणि बाजूला हे भिंग. डोळा इथे लावायचा. बाकी काही नाही.”

“काही नाही म्हणजे? बटणं नाहीत, चाकं नाहीत, काळी काचसुद्धा नाही?”

“जे नाही, तेच याचं कौतुक आहे,” दुकानदार म्हणाला.

त्याने दोन्ही दुर्बिणी दारापाशी मांडल्या आणि समोरच्या इमारतीवरच्या अँटेनाकडे रोखल्या. बाबा आधी पांढऱ्या नळीपाशी वाकले आणि त्यांनी डावा डोळा लावला.

“दिसतंय?” दुकानदार.

“काही नाही.”

“ते चाक फिरवा.”

“चाक फिरवून काय होणार? हा डोळा मेलेला आहे.”

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा मिशीत हसले. “आधी मेलेला, मग जिवंत. नियम आहे आपला. कारखान्यात नवी काच आली की आधी मेलेल्या डोळ्याची पापणी मिटून तिच्यावर लावायची. ऊब लागली की समजायचं, माल खोटा. दिसत नसलं तरी पापणीला कळतं. बिनकामाचा नाही तो.”

मुलगी दुसरीकडे बघू लागली. बाबा स्वतःच्या डोळ्यावर खुशाल विनोद करत; तिला मात्र तो विषय नकोसा होई.

मग बाबांनी जिवंत डोळा लावला आणि वेल्डरच्या सवयीने तिपाईला टिचकी मारली. अँटेना कितीतरी वेळ थरथरत राहिली. “सांधे कच्चे आहेत,” ते म्हणाले. लाकडी बैठकीला त्यांनी टिचकी मारली, मग चापट मारली, मग गुडघा लावला. अँटेना जागची हलली नाही. आरशामुळे उलटी दिसत होती, पण ठाम उभी होती. बाबांनी बैठकीच्या बुडाखाली हात घालून जोड चाचपले आणि ‘हं’ केलं. पस्तीस वर्षांत त्यांनी ज्याला ‘हं’ केलं, त्यातलं काही कधी मोडलं नव्हतं.

“हीच घेऊ. पण ती काळी काच तेवढी यात टाका.”

“नको, बाबा,” मुलगी म्हणाली.

“का नको?”

इथे ती बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. तुम्हाला एकच डोळा आहे बाबा, आणि मला त्याची भीती वाटते. एवढंच तर म्हणायचं होतं. ती म्हणाली, “चांगली नसते ती.”

बाबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “बरं. मौनीबाबांचा हुकूम झाला, मग आम्ही कोण बोलणारे!”

ते बैठक घेऊन बाहेर गेले, तेव्हा दुकानदाराने तिला थांबवून तिच्या हातात एक छापील कागद दिला. “ताई, हे त्यांना नीट वाचून दाखवा. ही दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. त्या खोक्यातल्या काचेवर तर मुळीच भरवसा नको. डोळ्याच्या बाजूला काळी काच लावली की सहा इंची आरशाने गोळा केलेलं सगळं ऊन त्या एवढ्याशा काचेवर पडतं. काच तापते आणि तडकते. कधी, ते सांगता येत नाही. डोळा तिथेच असतो. सूर्य बघायचाच असेल तर पुढचं तोंड पूर्ण झाकणारा खास पडदा मिळतो, तो मागवून देईन. तोवर दिवसा झाकण काढायचं नाही. सांगाल ना?”

“सांगते,” ती म्हणाली.

कागदाची चौघडी करून तिने पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवली. तिचा हिशेब सोपा होता. काच घरी आणलीच नाही, तर धोका कुठला? हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी बाई ती. शिशाच्या भिंतीआड उभी राहून बटण दाबायचं, भिंत असली की झालं, अशी तिला सवय. पण वेल्डरच्या घरात काळ्या काचेची वानवा असते का? काखेत कळसा असलेल्या माणसाला काचेसाठी गावाला वळसा घालावा लागणार नव्हता.

तिच्या गप्प राहण्याचं मूळ बावीस वर्षांपूर्वीचं होतं. सात वर्षांची होती. कारखाना पलीकडच्याच गल्लीत होता आणि आईने तिला डबा देऊन पाठवलं होतं. तिला आठवत होतं ते असं: बाबा पाठमोरे वाकलेले, तिने मोठ्याने “बाबा!” म्हणून मारलेली हाक, आणि दोन्ही हात तोंडावर दाबून खाली बसलेले बाबा. त्याच दिवशी दवाखान्यात ती दाराआड उभी होती आणि आत बाबा कारखान्याच्या मालकाला सांगत होते, “पोरीने मागून हाक मारली, शेठ. मान वळली, आणि तेवढ्यात ठिणगी आली.”

तिला कोणीही रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर तिने बाबांना मागून हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की ती वळसा घालून त्यांच्या समोर जाई, त्यांची नजर वर होईपर्यंत थांबे आणि मग बोले. स्वयंपाकघरात, रस्त्यात, दवाखान्यात, सगळीकडे हेच. नातेवाईक म्हणत, काय शांत मुलगी! बाबा म्हणत, आमचे मौनीबाबा. सगळ्यांना वाटलं, स्वभावच तसा आहे.

दुर्बिणीने पहिला महिना घर उजळून टाकलं, हे मात्र खरं. बाबांनी चंद्रावरचे खड्डे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा नकाशा काढला. गुरूचे चार चंद्र पाहिले आणि कोण कुठे सरकला याची वही ठेवली. आईला शनीची कडी दाखवली, तर ती म्हणाली, “अगं बाई, चित्र चिकटवलंय की काय आत?” आणि नळीच्या तोंडात डोकावून आली. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एका संध्याकाळी ते म्हणाले, “आयुष्यभर छोटा सूर्य बघितला, एवढाएवढासा, रॉडच्या टोकावरचा. आता एकदा मोठा बघावा म्हणतो. त्याच्यावर डाग असतात म्हणे.”

“नको,” मुलगी म्हणाली.

“का?”

“नको म्हणजे नको.”

“हे काही उत्तर नाही,” बाबा म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

त्या रविवारी तिची ड्युटी होती. एक्स-रेच्या खोलीत फोन नेत नाहीत. तो कपाटात असे. पावणेतीनला हातातलं काम संपलं, तिने कपाट उघडलं, तर आईचा आवाजी निरोप आणि एक फोटो येऊन पडला होता. निरोप चाळीस मिनिटांपूर्वीचा होता.

“बघ, तुझ्या बाबांचा उद्योग! दोन दिवस खाली खुडबुड चालली होती. आता म्हणतात, सूर्य दाखवतो. मी म्हटलं, आधी मी बघणार, तर म्हणतात, रांगेत ये. आभाळ आलंय म्हणून खोळंबलेत. ऊन पडलं की बघणार. तुला दाखवायचं होतं, पण म्हणाले, तिला सांगू नकोस, ती नको म्हणेल.”

फोटोत दुर्बिणीचं भिंग होतं. भिंगावर एक सुबक लोखंडी कडं, कड्याला तीन बारीक स्क्रू, आणि कड्यात गोल कापून बसवलेली काळी काच. तिने फोटो मोठा केला. काचेच्या कडेला हिरवट झाक होती. चौदा नंबर. बाबांच्या पेटीतली सगळ्यांत काळी. ती काच नुसती डोळ्यापुढे धरून सूर्याकडे पाहिलं तर काही होत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते फसणार होते. आरशाने गोळा केलेल्या उन्हाशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. बाबांना लावला. बाबा कामाच्या वेळी फोन जवळ ठेवत नसत. ठिणग्यांपासूनची जुनी सवय. पुन्हा आईला. आईचा फोन यावेळी स्वयंपाकघरात चार्जिंगला असणार, आणि आई गच्चीवर. शेजारचं घर आठवडाभर बंद होतं.

खिडकीतून तिने आभाळ बघितलं. राखाडी होतं. पण पश्चिमेकडे एक निळी फट दिसत होती आणि ती रुंदावत होती.

“मला जायला हवं,” ती सोबतच्या तंत्रज्ञाला म्हणाली.

“आत्ता? बाहेर तीन पेशंट आहेत. काय झालं?”

“माझ्या बाबांचा डोळा,” ती म्हणाली. बावीस वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले. तंत्रज्ञाने पुढे काही विचारलं नाही, तिच्या हातातली एक्स-रेच्या खोलीची किल्ली घेतली आणि दार धरून उभा राहिला.

हॉस्पिटल ते घर स्कूटरने बारा मिनिटं. पहिल्या सिग्नलला ती थांबली आणि दुसऱ्याला थांबली नाही. तिची नजर समोरच्या रहदारीवर कमी आणि डांबरावर जास्त होती, कारण डांबरावर सावली पडते की नाही यावर सगळं अवलंबून होतं. सावली नाही म्हणजे ऊन नाही. ऊन नाही तोवर बाबा नुसतेच कंबरेवर हात ठेवून उभे असतील, आभाळाला नावं ठेवत असतील. ठेवू देत. आज त्यांनी दिवसभर नावं ठेवावीत.

पुलावर तिला डाव्या हाताला काहीतरी हललेलं दिसलं. तिची स्वतःचीच सावली होती, फिकट, स्कूटरवर वाकलेली. बघता बघता ती गडद झाली. मुलीने वेग वाढवला. पूल उतरेस्तोवर सावली पुन्हा विरली, आणि देवाचं नाव एरवी न घेणाऱ्या त्या मुलीने ते घेतलं. मंडईपाशी एक टेम्पो मागे-पुढे करत अख्खा रस्ता अडवून उभा होता. “घ्या ना हो बाजूला!” ती किंचाळली. चालकाने चमकून पाहिलं. तिचं तिलाच नवल वाटलं. एवढा आवाज आपल्या अंगात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

घराच्या वळणाला लागली तेव्हा सावली परत आली, आणि या वेळी गेली नाही.

स्कूटर तिने उभी केली नाही, आडवी टाकली. गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना होता, बाबांनीच वेल्डिंग करून बसवलेला. तेवीस पायऱ्या. दर वेळी ती मुद्दाम पाय आपटत चढायची, म्हणजे वर बाबांना कळावं. आज तिला पायांची शुद्ध नव्हती. शेवटच्या पायरीवर डोकं वर आलं आणि गच्ची दिसली.

बाबांनी सगळं नीट केलं होतं. हेच वाईट होतं. नळी त्यांनी तिच्या सावलीवरून सूर्याकडे वळवली होती, डोळा न लावता. सावली अगदी लहान गोल झाली की नेम बरोबर, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. नळीला जोडलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण काढून खिशात ठेवली होती. आईला टाकीच्या सावलीत स्टुलावर बसवलं होतं. ऊन लख्ख पडलं होतं. बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि ते भिंगाकडे वाकले.

हाक मार.

तिचं तोंड उघडलं. पाठमोरे वाकलेले बाबा, उन्हात चमकणारं लोखंड, आणि मागे उभी ती. सगळं तेच होतं. हाक मारली आणि त्यांनी मान वळवली तर? मान वळवताना काच फुटली तर? मागच्या वेळीही हाकच मारली होती. टेम्पोवाल्यावर किंचाळणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. वळसा घालून समोर जावं म्हणून ती धावली, पण गच्ची मोठी होती आणि मध्ये वाळत घातलेल्या चादरी होत्या.

टक्.

एवढासाच आवाज झाला, कपाची कड बशीला लागावी तसा. बाबा मागे फेकल्यासारखे झाले आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. आई स्टुलावरून उठली. मुलगी चादर ओढून पाडत त्यांच्यासमोर आली, आणि हाताआडून तिला कोणता डोळा दिसतोय हे कळायला जो क्षण लागला, तो तिला जन्मभर पुरणार आहे.

हात डाव्यावर होता. उजवा डोळा उघडा होता, आणि तो तिच्याचकडे बघत होता.

“आधी मेलेला,” बाबा म्हणाले. “आधी मेलेला लावला होता. ऊब लागली म्हणून ओढून घेणार, तेवढ्यात...” त्यांनी हात काढला. डाव्या पापणीवर वाटाण्याएवढा लाल डाग उठला होता. भिंगावरच्या काचेला उभी चीर गेली होती आणि चिरेतून एक पांढरी, धारदार तिरीप बाहेर येत होती. ती हवेत, बरोबर जिथे उजवा डोळा आला असता तिथून, चादरीवर पडली होती आणि चादरीतून धूर निघत होता.

मुलीने झाकण उचलून दुर्बिणीच्या तोंडावर बसवलं. मग ती तिथेच खाली बसली.

“तू कधी आलीस?” बाबांनी विचारलं.

“जिन्याशी होती की ती,” आई म्हणाली. “तुम्ही वाकलात तेव्हा तोंड उघडून उभी होती. मला वाटलं, काही म्हणतेय.”

“मग हाक का नाही मारलीस?”

मुलीने वर पाहिलं. “मागच्या वेळी मारली होती ना.”

बाबांना कळेना. “मागच्या वेळी म्हणजे?”

“कारखान्यात. मी हाक मारली, तुमची मान वळली आणि डोळा गेला.”

बाबा खाली बसले, तिच्यासमोर, तापलेल्या गच्चीवर.

“तुला कोणी सांगितलं हे?”

“तुम्ही. शेठना सांगत होतात. मी दाराआड होते.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. माणूस चावणार तरी कुणाला? बाबा म्हणाले, “मी स्लॅग ठोकत होतो. वेल्डिंगवरची खपली असते ना, ती. हेल्मेट वर होतं. ठोकताना साधा चष्मा घालायचा असतो, तो खिशात होता. कंटाळा केला. हातोडी मारली, खपली उडाली, डोळ्यात गेली. मी ओरडलो. आणि मग तुझी हाक आली. ‘बाबा, काय झालं?’ म्हणून. ओरडल्यावर आली हाक. आधी नाही.”

“मग शेठना...”

“चष्मा खिशात होता असं सांगितलं असतं, तर कामावरून काढलं असतं. तुझं नाव घेतलं. सात वर्षांच्या पोरीला कोण जाब विचारणार? असं वाटलं. तू ऐकत होतीस, हे मला काय माहीत?”

“मलाही तेच सांगितलंत,” आई म्हणाली. तिच्या आवाजाला अशी धार बाबांनी क्वचितच ऐकली असेल. “बावीस वर्षं मी देवापुढे म्हणतेय, पोरीला क्षमा कर, लहान होती.”

मुलीला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. “मला मौनीबाबा म्हणता तुम्ही! चारचौघांत म्हणता! मला काय हौस होती? घराच्या प्रत्येक खोलीत मी तुम्हाला वळसा घालून आले, बाबा. प्रत्येक वेळी. दुकानदाराने कागद दिला होता, काच तडकते म्हणून. पर्समध्ये आहे अजून. तुमच्या डोळ्याबद्दल बोलायची मला लाज वाटत होती, म्हणून दिला नाही. आज गेला असता तो, माझ्या गप्प बसण्यानं!”

“माझ्या खोटं बोलण्यानं,” बाबा म्हणाले.

आईने धुमसणारी चादर बादलीत बुडवली. मग मुलगी उठली, बाबांचा दंड धरला आणि त्यांना स्कूटरवर बसवून हॉस्पिटलात घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजवा डोळा दोनदा तपासला. धक्का लागलेला नव्हता. पापणीला मलम दिलं आणि एवढ्या वयाच्या माणसाला जितकं झापता येतं तितकं झापलं. बाबा मान खाली घालून सगळं ऐकत होते. मुलगीही ऐकत होती आणि तिला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे चार दिवस घरात बोलणं बेताचंच झालं. तडकलेली काच बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. आईने पुसताना ती दोनदा उचलली आणि दोन्ही वेळा परत तिथेच ठेवली. दुकानदाराचा कागद त्यांनी मुलीकडून मागून घेतला, दोनदा वाचला, चिकटपट्टीने दुर्बिणीच्या झाकणावर लावला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘सूर्य नाही’. मुलीला मौनीबाबा असं मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही. तोंडाशी आलेलं गिळताना दोनदा दिसले.

पाचव्या दिवशी ती हॉस्पिटलातून आली तेव्हा दिवस नुकता बुडाला होता. आभाळ अजून निळं होतं आणि डोक्यावर अर्धा चंद्र होता. जिना चढताना तिने पाय आपटले नाहीत. शेवटच्या पायरीवर आली, तर बाबा पाठमोरे, गुडघ्यांवर हात टेकून, भिंगाला उजवा डोळा लावून वाकलेले. तीच जागा. तीच पाठ. तिचे पाय वळसा घालायला वळले, नेहमीसारखेच. बावीस वर्षांची सवय चार दिवसांत जात नसते.

तिने कठडा घट्ट धरला.

“बाबा!”

इतक्या जोरात की टाकीवरची कबुतरं उडाली आणि खालून आईने “काय गं, काय झालं?” म्हणून विचारलं.

बाबा दचकले नाहीत. त्यांनी मान वळवली नाही, डोळा भिंगावरून काढला नाही. फक्त एक हात मागे करून हलवला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “बघतोय.”

ती थांबली.